अक्कांचं बोट

धुळ्याच्या इस्पितळात बाळंतपणाच्या खोलीत अक्का नळी लावून पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायच्या. ॲल्युमिनियमची वीतभर नळी. तिचं रुंद तोंड बाईच्या पोटावर आणि दुसऱ्या टोकाला अक्कांचा कान. ही नळी मोठी कंजूष. ती एका वेळी एकाच कानाला ऐकवते. पोट जिचं आणि बाळ जिचं, तिला काहीच कळत नाही.

अक्कांना हे बरोबर वाटत नसे. त्या ऐकता ऐकता बाईचा हात धरायच्या आणि तिच्या मनगटावर बोटाने टकटक करायच्या. आत ठोका पडेल तसा बाहेर बोटाचा. "तुनं लेकरू चाली ऱ्हायनं," म्हणायच्या. "देख, कसं तुरुतुरु चाली ऱ्हायनं." कळांनी ओठ चावणारी बाई त्या बोटाकडे बघत राहायची आणि तेवढ्यापुरती कळ विसरायची.

अक्का आमच्याकडच्या सगळ्यात जुन्या सिस्टर. निवृत्तीला वर्ष उरलेलं. डब्यात कळण्याची भाकरी, बायकांशी बोलणं खान्देशी, आमच्याशी शाळेतल्यासारखं नेटकं मराठी. मी सव्विशीची, पुढचं शिक्षण घेणारी डॉक्टर, आणि अकलेच्या मानाने जरा जास्तच आगाऊ. ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. इस्पितळात पोटाला पट्टे बांधून ठोके ऐकवणारं यंत्र नवं आलं होतं. त्यातून कागदाची लांब पट्टी निघे आणि बाळाचं हृदय त्यावर रेघ ओढत जाई. माझ्या प्रबंधाला विषय मिळाला. यंत्राने सतत ऐकलं आणि नळीने दर पाव तासाला ऐकलं, तर बाळांना काय फरक पडतो?

कुणाला यंत्र आणि कुणाला नळी, हे बंद पाकिटातल्या चिठ्ठीवर ठरे. बायकांना ती सोडतच वाटली. "आमले मशीन लागनं नही का?" म्हणून सासवा माझ्यावर रुसायच्या. दोन महिन्यांत वारं फिरलं. वॉर्डात बोटाची कीर्ती पसरली. एका बाईने पाकीट फोडायच्या आधीच हात जोडले, "बाई, माले अक्का लागू द्या."

हे मी आमच्या सरांना कौतुकाने सांगितलं. तोंड उघडलं आणि घात झाला.

सर म्हणाले, "म्हणजे नळीवाल्या बायकांना बोटही मिळतंय. मग फरक पडला तर तो नळीचा की बोटाचा, कसं ठरवणार?"

प्रश्न बिनतोड होता. आज वाटतं, अभ्यास करायचा तर त्या बोटाचाच करायला हवा होता. पण माझ्या फॉर्मात बोटाला रकाना नव्हता, आणि रकाना नसलेली गोष्ट मला तेव्हा दिसत नसे.

दुपारी अक्का जेवत असताना मी सांगितलं, "अक्का, उद्यापासून नुसतं ऐकायचं. बोट नको."

"का बरं, बाई? बोटाने काय बिघडतं?"

"अभ्यासात घोळ होतो."

"बरं," म्हणाल्या आणि अर्धी भाकरी तशीच ठेवून डबा लावला.

दुसऱ्या दिवशी भडगावकडची एक बाई आली. तिचं पहिलं बाळ जन्मतानाच गेलं होतं. बहिणीचं बाळंतपण अक्कांच्या हातचं, त्यामुळे तिला बोट ठाऊक होतं. चिठ्ठीत नळी निघाली तशी ती हसली. अक्का पोटावर वाकल्या, आणि तिने आपणहून मनगट पुढे केलं. अक्कांनी मोकळ्या हाताची मूठ वळली आणि ती पाठीमागे कमरेवर धरली.

बाई वाट बघत राहिली. मग तिचा चेहराच उतरला. "का वं अक्का," तिने विचारलं, "थांबनं का?" आणि हंबरडा फोडला.

मी धावले. "अहो, काही झालेलं नाही. ठोके छान आहेत. एकशे चाळीस!" माझा आकडा तिच्या कानातसुद्धा शिरला नाही. अक्कांनी कान उचलून माझ्याकडे पाहिलं. त्या परवानगी मागत होत्या. मी नुसती मान हलवायची होती.

मी मान खाली घातली आणि फॉर्मात एकशे चाळीस लिहिलं.

संध्याकाळी तिला मुलगी झाली, खणखणीत रडणारी. माझ्या रकान्यांत सगळं उत्तम बसलं. अक्कांनी मात्र बोट पुन्हा उचललं नाही, माझे फॉर्म भरून झाले तरी नाही. 'अक्का, आता चालेल' एवढंच मला म्हणायचं होतं. रोज ते ओठांवर यायचं आणि रोज मी उद्यावर ढकलायचे. त्यांच्या निरोपाच्या चहालासुद्धा मी पेढा खाल्ला, पाया पडले आणि "येते हं कधीतरी भेटायला" म्हणाले. अक्का रावेरला, भावाकडे, राहायला गेल्या. मी गेले नाही.

तीन वर्षांनी माझे दिवस भरले तेव्हा मी माहेरी, जळगावला होते. माझी मुलगी सुखरूप झाली, हे आधीच सांगून टाकते. पण त्या दुपारी ते मला ठाऊक नव्हतं. दवाखान्यात यंत्र होतं. खोलीभर ठोक्यांचा आवाज घुमत होता, कागद सरकत होता, आणि मी बाळंतीण कमी आणि परीक्षक जास्त होऊन रेघ वाचत होते.

मग आवाज गेला.

पट्टा सरकला की आवाज जातो. हे मी कितीतरी बायकांना हसत हसत समजावलं होतं. त्या दुपारी त्या शहाणपणाचा मला काडीचा उपयोग झाला नाही. मला अक्का हव्या होत्या. आकडा नको होता, रेघ नको होती. साबणाने खरखरीत झालेलं त्यांचं ते बोट हवं होतं आणि 'चाली ऱ्हायनं' हे दोन शब्द. किती हवं होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही.

माझा हात आपोआप पुढे गेला, मनगट वर करून.

तरुण सिस्टर धावत आली. तिला वाटलं, मी सलाइनसाठी हात दिलाय. "घाबरू नका, मॅडम," म्हणत तिने शीर शोधली आणि सुई टोचली.