सरांची जीप थांबली नाही

बिराजदार सर खरा प्रश्न चपला घालताना विचारायचे. तोवर छापील प्रश्नावली भरून झालेली असायची, कागद पिशवीत गेलेले असायचे आणि समोरचा डॉक्टर एकदाचा सुटलो म्हणून हसत दारापर्यंत आलेला असायचा. सर एक पाय चपलेत घालून, भिंतीला हात टेकून म्हणायचे, "लिहायचं ते लिहून झालं. आता सांगा, गाव का सोडलं?" आणि इतका वेळ राहायला घर नव्हतं, मुलांना शाळा नव्हती असं सांगणारा माणूस दारात उभा राहून भलतंच बोलायला लागायचा.

सर तुळजापुरात कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. डॉक्टर खेड्यात का टिकत नाहीत, लोक फुकटचा दवाखाना सोडून विकतचा का धरतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. मी त्यांची विद्यार्थिनी, पुढं सहायक झाले. ढोकीपासून ईटपर्यंत सगळा जिल्हा आम्ही एसटीनं हिंडलो. वर्गात छापील मराठी बोलणारा हा माणूस एसटीत खिडकी मिळाली की पार गावाकडचा व्हायचा. "बसलेला माणूस सरकारला उत्तर देतो पोरी, उठलेला आपल्याला," असं त्यांचं म्हणणं. मग आधीचा तासभर कशाला घालवायचा, असं मी एकदा चिडून विचारलं. ते म्हणाले, "त्याला उठायला कारण नको व्हय?"

दारातलं उत्तर बहुतेक एकच असायचं. सर्दी-खोकल्याला माझ्याकडं येतात, जरा जड झालं की सोलापूर गाठतात, माझ्यावर कुणाचा भरोसाच नाही. हे ऐकून सरांचा पारा चढायचा तो डॉक्टरवर नाही, लोकांवर. डॉक्टर द्या म्हणून मोर्चे काढायचे, आणि दिला की त्याच्याच दारावरून सोलापूरला जायचं, जराशी लाज वाटायला पाहिजे, असं ते प्रत्येक व्याख्यानात सुनवायचे. मी पुढच्या रांगेत बसून मान डोलवायची.

त्यांची मुलगी शिल्पा डॉक्टर झाली आणि सक्तीच्या सेवेचं वर्ष तिनं सरांच्या गावातच, जळकोटजवळच्या सरकारी दवाखान्यात घेतलं; शेजारच्या गावातल्या माझ्या सासरलाही तोच दवाखाना. तेव्हा सरांचा रुबाब बघण्यासारखा होता. पण काही महिन्यांतच ती दंड भरून पुण्याला निघून गेली. पुढं शिकायचंय तिला, असं सर सगळ्यांना सांगायचे. आमच्या पुढच्या अभ्यासाला सेवा अर्धवट सोडलेल्या डॉक्टरांची नावं आली, त्यात शिल्पाचंही होतं. घरातलं माणूस आहे, गाळू या, असं मी हळूच सुचवलं. सर एकदम उखडले. नाव गाळायचं नाही, तू जाऊन विचार, मी मध्ये तोंड घालणार नाही, म्हणाले.

पंचमीला शिल्पा घरी आली तेव्हा मी गेले. सर ओसरीवर बाजेवर बसून शेंगा फोडत होते. शिल्पानं शिक्षण, पगार, गळकं क्वार्टर अशी सगळी शहाणी उत्तरं दिली. मी उठले, चपला घालायला लागले आणि सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "आता सांग, गाव का सोडलंस?"

तिनं एकदा सरांकडं बघितलं.

"आईच्या छातीत दुखायला लागलं त्या दिवशी मी दवाखान्यातच होते, ताई. बाक भरलेले होते. समोरून आईला घेऊन बाबांची जीप गेली. थांबली नाही. बाबांनी खिडकीतून मला हात केला, नंतर फोन करतो म्हणून. सगळ्या पेशंटांनी बघितलं."

सोलापुरात पित्त निघालं होतं. पण गावानं घ्यायचा तो अर्थ घेतला. बापानं स्वतःच्या पोरीला दाखवलं नाही, तर आपण कशाला दाखवायचं? आठवडाभरात बाक रिकामे झाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूबाईंना घेऊन त्याच दवाखान्याच्या फाटकावरून मीही सोलापूरला गेले होते, आणि तेव्हा मला काहीसुद्धा वाटलं नव्हतं. सरांचा शेंगा फोडणारा हात थांबला होता. खाली मान घालून ते एवढंच म्हणाले, "लिहून घे." मला एसटीला सोडायला आले तेव्हा फाट्यावर म्हणाले, "घाबरलो होतो गं. घाबरलेल्या माणसाला कुठलं अर्थशास्त्र सुचतंय?"

धाराशिवला अधिकाऱ्यांच्या बैठकीत सरांनी ते उत्तर वाचलं आणि हा बाप मीच, असंही सांगितलं. अधिकारी मोबाइल बघायला लागले. त्यानंतर लोकांची लाज काढणारं व्याख्यान सरांनी कधी दिलं नाही. मात्र बीपीच्या गोळ्या असोत नाहीतर बोटाला विळी लागलेली असो, ते गावच्या दवाखान्यात जाऊन सगळ्यांना दिसतील असे बाकावर बसायचे. तिथं आता एक कोवळा डॉक्टर आला होता. सर निवृत्त प्राध्यापक आहेत हे कळल्यावर तो घाईनं सोलापूरची चिठ्ठी लिहायला घ्यायचा. सर म्हणायचे, "चिठ्ठी मागनं लिवा. आधी हात लावून बघा." हळूहळू तो बघायला लागला.

या वर्षी एका सकाळी सरांच्या छातीत दुखायला लागलं. काकूंना, म्हणजे शिल्पाच्या आईला, सोबत घेऊन ते गावच्या दवाखान्यातच गेले. डॉक्टरनं लगेच ईसीजी काढला, गोळ्या दिल्या, इंजेक्शन दिलं, ॲम्ब्युलन्स बोलावली आणि स्वतः शेजारी बसून निघाला. नळदुर्ग मागं पडलं आणि सर गेले.

माती करून आल्यावर आम्ही अंगणात बसलो होतो. तो डॉक्टर कडेला उभा होता. सरांचे चुलतभाऊ आप्पा कुणाकडंच न बघता म्हणाले, "थेट सोलापूरला का न्हाय नेलं?"

शिल्पा बाहेर आली.

"आप्पा, मी सगळे कागद बघितलेत. थेट नेलं असतं तर गाडीत बाबांना हात लावायलासुद्धा कुणी नसतं. यांनी सगळं बरोबर केलं. मी इथं असते तरी एवढंच करू शकले असते."

'इथं असते' म्हणताना तिचा आवाज फाटला. डॉक्टर मान खाली घालून निघून गेला. मग सगळे आप्पांना बोलले, असं विचारतात का म्हणून. मला कुणी काही बोललं नाही. मी आप्पांच्या शेजारीच बसले होते, आणि त्यांनी विचारलं नसतं तर मी विचारणार होते.