मिलवॉकीची भैरवी

मी आयुष्यात एकच मैफल भरवली, आणि ती सुरू झाल्या झाल्या संपली.

सई, निखिल, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "आजी, तुला नाही कळणार, आमच्या मिलवॉकीत दर शुक्रवारी कुठे ना कुठे बँड असतो." (हे तुम्ही इंग्रजीत म्हणालात. मी मराठीत लिहिते आहे. अडलं तर आईला विचारा.) बाळांनो, तुमच्या मिलवॉकीचं संगीत मी तुमच्या जन्माच्या कितीतरी आधी ऐकलेलं आहे. तेही बहारीनमध्ये, उम्म अल हस्समच्या आमच्या फ्लॅटमध्ये, सतरंजीवर बसून!

सत्तरचं दशक संपत आलं होतं. तुमचे आजोबा सित्राच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. तिकडे चिपळूणला सुषमाआत्याचं लग्न ठरलं. मामंजी हयात नव्हते, त्यामुळे कन्यादान मोठा भाऊ-भावजय म्हणून आम्ही करायचं होतं. आणि नेमका त्याच दिवसांत कारखान्याचा वार्षिक शटडाऊन आला, म्हणजे यंत्रं बंद ठेवून रात्रंदिवस दुरुस्तीची घाई. आजोबांच्या साहेबांनी, मिस्टर नोवाक यांनी, सांगून टाकलं : शटडाऊनमध्ये कोणालाही रजा नाही. खलास!

"अहो, पुन्हा एकदा विचारून बघा ना," मी म्हटलं.

"काय विचारू? तो माणूस मान वर करत नाही. नुसता टेबलावर बोटं नाचवत बसतो."

"कशी नाचवतो?"

"पेटी वाजवल्यासारखी."

आजोबांनी चौकशी केली. साहेब अमेरिकन, मिलवॉकीचे, ॲकॉर्डियन वाजवणारे. बायकामुलं तिकडे, आणि इथे ऐकायला एक माणूस नाही. मला लगेच मार्ग दिसला. (मला मार्ग फार लवकर दिसतात. ते कुठे जातात, हे नंतर कळतं.) आमच्या मराठी मंडळींची महिन्यातून एकदा कोणाकडे तरी गाण्याची बैठक असे. या वेळी ती आपण भरवायची, साहेबांना बोलवायचं, त्यांची कला मन लावून ऐकायची, आणि माणूस विरघळला की रजेचा विषय काढायचा!

सगळ्यांना मी बजावून ठेवलं होतं. "ते वाजवत असताना जांभई द्यायची नाही, उठायचं नाही, आपापसांत बोलायचं नाही. अगदी आपल्या बुवांना देतो तसा मान द्यायचा." पेटीवाले अण्णा जोगळेकर म्हणाले, "वहिनी, कलाकार कुठलाही असो, मान कसा द्यायचा ते मला शिकवू नका." हे वाक्य मी तेव्हाच गंभीरपणे घ्यायला हवं होतं.

शुक्रवारी दुपारी साहेब वेळेच्या आधीच आले. उंच, लालबुंद, आणि पोटावर एवढी मोठी ॲकॉर्डियन, की दारातून आधी ती आत आली. चहा पिताना ते मिलवॉकीबद्दल असे बोलले की मी थक्क झाले. गल्लोगल्ली बार, चर्चच्या तळघरात नाच, शुक्रवारी तळलेले मासे आणि पोल्का, म्हणजे उड्या मारत नाचायचं संगीत! पण पोल्का एक नाही. पोलिश लोकांचा वेगळा, स्लोव्हेनियन लोकांचा वेगळा. एकमेकांचं ऐकून दोघेही नाक मुरडतात.

"माझे वडील स्लोव्हेनियन, आई पोलिश," साहेब म्हणाले. "लग्नात दोन बँड होते. एकाच वेळी वाजत होते."

म्हणजे घराण्यांची भांडणं तिकडेही होती! मला तो माणूस एकदम आपला वाटला.

मी इंग्रजीत स्वागताचं भाषण केलं. समोर वीस-पंचवीस माणसं मांडी घालून, श्वास रोखून बसली होती. जांभई नाही, हालचाल नाही. ते गंभीर चेहरे बघून साहेबांनी मनातला पोल्का बाजूला ठेवला असावा. म्हणाले, "आधी माझ्या आजोबांच्या गावची एक संथ धून वाजवतो." आणि डोळे मिटून त्यांनी भाता ओढला.

काय सांगू! सूर असा काही आर्त लागला की अण्णांच्या तोंडून "आहाहा!" निघून गेलं. "कोमल रिषभ बघा! अहो, ही तर भैरवी!"

"भैरवी... भैरवी..." खोलीभर कुजबुज झाली. (तुमच्यासाठी सांगते : आपल्याकडे भैरवी शेवटी म्हणतात. ती झाली की मैफल संपली. त्यानंतर गाणं म्हणजे कलाकाराचा अपमान.)

धून संपली. अण्णांनी डोळे पुसले, साहेबांना वाकून नमस्कार केला आणि ते उठले. त्यांच्यामागे सगळे उठले, एकेकाने येऊन नमस्कार केला आणि चपला शोधू लागले. मी दारात आडवी झाले.

"अण्णा, अहो, आत्ता तर सुरुवात झाली! वडे तळायचे आहेत!"

"भैरवीनंतर काय तळता, वहिनी?"

"पण ती भैरवी नाही हो! ते मिलवॉकीचे आहेत!"

"भैरवीला गाव नसतं," असं म्हणून अण्णा जिना उतरले.

खोलीत आम्ही तिघं उरलो. साहेब ॲकॉर्डियन गळ्यात घेऊन तसेच बसलेले.

"इतकं वाईट होतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही सर! इतकं चांगलं होतं की ते निघून गेले," मी म्हणाले. इंग्रजीची पदवी घेऊन मी बोललेलं हे सर्वांत वाईट वाक्य.

मग मी भैरवीचं सगळं शास्त्र समजावलं. साहेबांनी ऐकून घेतलं. चेहरा मात्र शटडाऊनसारखा बंद. आजोबा माझ्या कानाशी म्हणाले, "गेली रजा. सुषमाला तार कर, कन्यादान काकांकडून करून घे म्हणावं."

मी धावत खाली गेले. मंडळी गाड्यांपाशी उभी राहून भैरवीवर बोलत होती. "परत चला" म्हटल्यावर अण्णांनी कानांना हात लावले. शेवटी रत्नागिरीचे परकारभाई पुढे आले.

"वैनी, इलाज हाय. ती बैठक संपली ना? मंग दुसरी सुरू करा! नवीन बैठक, नवीन पाव्हणे. यल्ला, चला वर!"

अण्णांना यात तांत्रिक दोष सापडेना. सगळे वर आले, पुन्हा चपला काढल्या, पुन्हा साहेबांना पहिल्यांदाच भेटल्यासारखे भेटले. मी स्वागताचं भाषण पुन्हा पहिल्यापासून केलं. साहेब माझ्याकडे अशा नजरेने बघत होते, की यापुढे रजेचा अर्ज बहुतेक डोक्याच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट मागतील.

पण पोल्का सुरू झाला आणि खोलीचा रंगच पालटला! तबल्यावरच्या सावंतांनी केरवा धरला, अण्णांची पेटी मागून पळायला लागली. खालच्या मजल्यावरचे बहारीनी घरमालक तक्रार करायला वर आले आणि दोन वडे खाऊन टाळ्या वाजवत बसले. माझ्या शोकेसमधल्या कपबश्यासुद्धा तालात होत्या.

साहेब थांबेनात. एक पोल्का, दुसरा पोल्का, आईकडचा, वडिलांकडचा. वडे संपले, शिरा संपला, बाहेर अंधार पडला. सकाळी सगळ्यांना शिफ्ट होती. पण भैरवी झाल्याशिवाय उठायचं कसं? अण्णा डोळ्यांनी खुणावू लागले. मी साहेबांना म्हटलं, "सर, ती सुरुवातीची धून पुन्हा एकदा?"

"अजिबात नाही, मॅडम! ती वाजवली की लोक पळून जातात."

"अण्णा, मग तुम्हीच म्हणा भैरवी."

"पाहुण्याची मैफल मी कशी मोडू? यजमानीणबाईंनी म्हटली तर चालेल."

"अहो, मला गाता येत नाही!"

"वहिनी, मला पहाटेची बस आहे," सावंत काकुळतीने म्हणाले.

मग मी गायले. दोन कडवी. पहिल्या कडव्यात पेटीने मला गाठायचा प्रयत्न केला, दुसऱ्यात अण्णांनी पेटी बंद करून हात जोडले. घरमालक उठून गेले. साहेबांनी शांतपणे ॲकॉर्डियन खोक्यात ठेवली आणि म्हणाले, "आता मला नियम समजला."

दारापर्यंत सोडायला गेलेल्या आजोबांच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. "या देशात आल्यापासून इतकी चांगली संध्याकाळ गेली नव्हती. जा बहिणीच्या लग्नाला. शटडाऊनचं मी बघतो. फक्त एक अट आहे."

"काय, सर?"

"लग्नात हिला गाऊ देऊ नकोस. निदान जेवणं होईपर्यंत तरी."

कन्यादान आम्ही दोघांनीच केलं, आणि मी अट पाळली. पण तेव्हापासून घरी पाहुणे फार वेळ रेंगाळले, की तुमचे आजोबा घड्याळाकडे बघून म्हणायचे, "अगं, एक भैरवी होऊन जाऊ दे!" आणि बहारीनमधले आमचे जुने स्नेही लगेच आपापल्या चपला शोधायला लागायचे.