मंगळवारचा उजेड आणि माझ्या खिशातले बल्ब

गेल्या अंकात आपल्या एका वाचकाने म्हसावदच्या पुढच्या टेकडीवरच्या ‘डाकिणीच्या दिव्या’ची हकिकत रंगवून लिहिली आहे. ती वाचून माझं डोकं सणकलं. दिवा हातात घेऊन फिरणारी बाई म्हणे! त्या बाईला मी ओळखत होतो. तिच्या हातचं पाणी प्यालो आहे. आणि तो दिवा माझा होता... निदान शेवटच्या दिवसापर्यंत तरी माझाच होता.

मी भुतंखेतं मानत नाही. तेव्हाही मानत नव्हतो, आज ऐंशीच्या घरातही मानत नाही. मी मोटारीचा माणूस. बत्ती लागली नाही तर वायर बघायची, फ्यूज बघायचा, बल्ब बघायचा. अंगारा लावून बत्ती लागत नाही.

दुसरी मोठी लढाई संपून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. आज आपण नंदुरबार जिल्हा म्हणतो, तो तेव्हा पश्चिम खानदेशात होता. शहाद्याच्या एका लाकूड ठेकेदार शेठची मोटार मी चालवायचो. दर मंगळवारी आणि शनिवारी पहाटे अंधारातच निघून म्हसावदमार्गे सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांच्या लाकूडतोडीवर जायचं. मोटारीच्या मूळच्या बत्त्या कंदिलापेक्षा थोड्या बऱ्या, एवढंच. एकदा रस्त्यात बसलेला रेडा अगदी बंपरशी आल्यावर दिसला. मग लष्कराच्या मोडीत निघालेल्या मालातून मी दोन जबर बल्ब मिळवले आणि बसवले.

बत्त्यांचा रोख लावायची आमची रीत अशी – मोटार भिंतीसमोर उभी करायची, भिंतीवर कोळशाने रेघ मारायची आणि उजेड रेघेच्या खाली ठेवायचा. मी तो चार बोटं वर ठेवला. लांबचं दिसावं म्हणून. शेठ खूश झाले. म्हणाले, “आते तं डोंगरबी दखास रे!”

खरंच दिसायचा. नाल्याअलीकडच्या वळणावर उजेड थेट समोरच्या टेकडीवर पडायचा आणि सरकत जाऊन विझायचा. टेकडीवर एकच झोपडी होती, मोगीबाईची. विधवा, एकटी. दिवसा परतताना रेडिएटर तापला की मी डबा घेऊन तिच्याकडे चढून जायचो. “तुन्ही मोटार बैलथीन जास्त पानी पेस,” म्हणून ती हसायची.

तोडीवरच्या एका मजुराने एकदा बिडी पेटवता पेटवता सांगितलं, “भाऊ, तठे मोगी डाकीन शे. पहाटे झोपडीवर दिवा फिरावस. मंगळवारे नि शनवारे.”

मंगळवार आणि शनिवार. म्हणजे माझ्याच फेऱ्यांचे दिवस. मैलभर लांबून मोटारीचा आवाज वर पोचत नसे, नुसता उजेड पोचायचा. त्याच दिवसांत टेकडीखालच्या गावात दोन वासरं मेली होती आणि पाटलाचा नातू तापाने फणफणला होता.

तो दिवा म्हणजे आपल्याच मोटारीची बत्ती, असं शेठना सांगितलं. ते म्हणाले, “त्यास्नी भानगड त्या दखी लेतीन. मजूरस्ले समजनं तं तोड बंद पडी. तू गप ऱ्हाय.”

मी तीन आठवडे गप्प राहिलो. रोखसुद्धा खाली केला नाही, कारण शेठ विचारतील का केला म्हणून! मग कळलं की मोगीबाईला गावातून काढायचं ठरलं आहे. शेठ त्या आठवड्यात लग्नाला सुरतेला गेले होते. सोमवारी मी दोन्ही बल्ब काढून रुमालात गुंडाळले, मोटारीच्या खोलीला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि बैलगाडीने गेलो.

गाव पाटलाच्या अंगणात जमलं होतं. मी बल्ब दाखवले, सगळं सांगितलं. दित्या पाटील माझ्याशी अहिराणीत बोलायचा. बल्ब उलटासुलटा करून म्हणाला, “ह्या काचना बोंडामा इतला उजेड?” लोक हसले. मग त्याने सरळ विचारलं, “हाई तुन्हा खिसामा शे, मंग सकाय दिवा येवाव नही ना?”

“नाही येणार.”

“उना तं?”

“येणारच नाही!” मी ओरडलो. “आला तर मी खोटा.”

वर्कशॉपची पद्धतच ती. ज्या भागावर संशय, तो काढून ठेवायचा आणि दोष जातो का ते बघायचं. त्यांना अडाणी म्हणू नका. बल्ब काढून चाचणी मीच मांडली आणि त्यांनी ती नीट लक्ष देऊन पाहिली.

पहाटे सगळे अंगणात उभे होते. मोगीबाई माझ्या शेजारी. पहिला कोंबडा आरवला आणि टेकडीवर उजेड पडला. तसाच पांढरा. झोपडीच्या कुडावर आला, सरकला, विझला. माझा हात खिशात होता. दोन्ही बल्ब बोटांना गार लागत होते.

पाटील फक्त “दखं ना?” म्हणाला. मोगीबाईने माझ्याकडे बघितलं. “भाऊ, तू नही येता तं बरं व्हतं.” दिवस वर यायच्या आत ती बोचकं आणि एक शेळी घेऊन नर्मदेच्या बाजूला गेली. तिचं पुढे काय झालं ते मला कधीच कळलं नाही.

मी वळणापर्यंत पळत गेलो. धुळीत फक्त बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. शहाद्याला खोलीचं कुलूप जसंच्या तसं, बत्त्यांच्या खोबणी रिकाम्या. फक्त शनिवारी भरलेली बॅटरी पार उतरलेली होती. बॅटरी उतरायला शंभर कारणं असतात. मला त्यातलं एकही सापडलं नाही.

पन्नास वर्षं मला त्या उजेडाचा संताप आहे. यायचाच होता तर दुसऱ्या दिवशी यायचा! आणि त्या बाईच्या नावाने अजून गोष्टी छापणाऱ्यांचाही संताप आहे. तिने दिवा कधीच फिरवला नाही. उजेड पडला तेव्हा ती माझ्या शेजारी, हाताच्या अंतरावर उभी होती. हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही... माझ्याही नाही.

आणि जे आजवर घरातही सांगितलं नाही, ते लिहून टाकतो. बल्ब काढून नेण्याची गरजच नव्हती. मोटार वळणावर उभी करून चार लोकांना शेजारी बसवलं असतं, बत्ती लावली-विझवली असती, तर घटकाभरात प्रकरण मिटलं असतं. पण शेठला न विचारता मोटार काढली तर नोकरी जाईल, म्हणून मी मोटार नेली नाही.

तो उजेड कुठून आला, मला आजही सांगता येत नाही. पण मोटारीच्या खोलीची किल्ली त्या पहाटे माझ्याच कमरेला होती.