हौदावरची पाळी

सकाळी सव्वासातला विमलबाई नांदूरघाटजवळच्या चारा छावणीत हौद भरत होत्या. दुष्काळात दूध संस्थेने ही छावणी उघडली तेव्हापासून पाण्याचं काम त्यांच्याकडे होतं, आणि पहिली पाळी त्यांच्याच गाईची असे. आज गाईच्या तोंडातून लाळेची तार लोंबत होती.

"लस टोचलती न्हवं? मग कावून आलं हे?" त्यांनी फेरीवर आलेल्या डॉक्टरांना विचारलं.

"लाळ-खुरकूत दिसतेय. विषाणूनं रूप बदललं असेल, मावशी. लसीनं गाईच्या अंगाला जुन्या रूपाची ओळख करून दिली, बदललेला त्यातून निसटतो. खरंच बदललाय का, ते लाळेचा नमुना तपासल्यावर कळेल. तोवर तिला हौदापासून लांब ठेवा."

"हौदापरीस पाणी तुमच्या लसीतच लई हाय बघा, डॉक्टर," शेजारचे रामहरी म्हणाले.

विमलबाई हसल्या नाहीत. टँकर एकच येई आणि शेवटच्या जनावराला पाणी उरेलच असं नव्हतं. गाईने हौदाकडे मान वळवली तसं त्यांनी दावं ओढलं आणि तिला छावणीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बांधलं.

उद्या सकाळी त्या आधी निरोगी जनावरांना पाणी दाखवतील. आपल्या गाईला सगळ्यात शेवटी, वेगळ्या बादलीने.