काकूंच्या मांजरीचं औषध
दातांच्या दवाखान्यातला औषधी वास आला, की मंगळवार पेठेतल्या शेजारच्या काकूंची म्हातारी मांजर आठवते. तिच्या हिरड्या सुजल्या होत्या, पण हृदय कमजोर, त्यामुळं भूल देऊन दात काढणं धोक्याचं होतं. म्हणून काकू रोज बोटानं हिरड्यांना औषध लावायच्या. चार दिवस गगनबावड्याला लेकीकडं जाताना त्यांनी ते काम माझ्यावर सोपवलं. पहिल्याच दिवशी मांजरीनं ओरबाडलं आणि मी ट्यूब कपाटावर ठेवून दिली. काकू परतल्या तेव्हा ती लाळ गाळत दूधभातापुढं नुसती बसली होती. "औषध लावलंस न्हवं?" काकूंनी विचारलं. "व्हय की, रोज," मी म्हणालो. तिला पोटाशी धरून त्या म्हणाल्या, "माझंच चुकलं बघ. मी जायलाच नको हुतं." मांजर असेपर्यंत काकू पुन्हा लेकीकडं मुक्कामाला गेल्या नाहीत, आणि मी त्यांना अजून खरं सांगितलेलं नाही.