युजीनमास्तरांच्या जन्माची खोली

गिरीजच्या व्हिक्टर लोपीसला कोणी विचारलं, "सध्या काय करता?" तर तो सांगायचा, "मास्तरांकडे असतो." मास्तरांना जाऊन बावीस वर्षं झाली होती, पण त्याने व्हिक्टरला काही फरक पडत नव्हता.

युजीनमास्तर म्हणजे पायपंप शोधून काढणारे मास्तर. दोन्ही हात मोकळे ठेवून, नुसत्या पायाने विहिरीचं पाणी वाडीला पाजणारा तो पंप एके काळी देशभर गेला. मास्तर अविवाहित वारले, घर गावाला देऊन गेले, आणि गावाने त्या घराचं संग्रहालय केलं. व्हिक्टर गोखिवऱ्याच्या एका छोट्या कारखान्यात पंप जोडण्यात आयुष्य घालवलेला फिटर. कारखाना बंद पडला आणि संग्रहालयाच्या किल्ल्या त्याच्याकडे आल्या. तेव्हापासून झाडणं, पुसणं, पंपाला तेल देणं आणि येणाऱ्याला सगळं दाखवणं, अशी सगळी खाती त्याच्याकडेच होती.

दाखवणं हे त्याचं लाडकं खातं. शाळेची पोरं घेऊन तो आतल्या खोलीपाशी आला की डोक्यावरची टोपी काढायचा, आवाज उतरवायचा. "ह्याच खोलीत, ह्याच खाटेवर, नऊ नोव्हेंबरच्या पहाटे, बाहेर अवकाळी पाऊस कोसळत असताना..." एकदा एक बाई इथे चक्क रडल्या होत्या. तो पाऊस मात्र व्हिक्टरचा स्वतःचा शोध होता. मास्तरांच्या घरात राहून माणसाला एखादा शोध लागणारच.

मास्तरांची शंभरावी जयंती आठ दिवसांवर आली होती. पाहुणे ठरले, मांडव ठरला, 'येथे जन्मले' असं कोरलेला काळा ग्रॅनाइट भिंतीला टेकून उभा राहिला. त्या दुपारी व्हिक्टरची मुलगी प्रीतल संग्रहालयाच्या ओट्यावर आवळे खात बसली होती. तिला आठवा महिना. सासर अर्नाळ्याचं, पण पहिलं बाळंतपण म्हणून व्हिक्टर तिला महिनाभर आधीच रिक्षात घालून घेऊन आला होता.

पोरांची एक तुकडी टोपी, पाऊस सगळं ऐकून निघून गेली, तेव्हा प्रीतलने विचारलं, "पप्पा, मास्तर घरात थोरले ना?"

"थोरलेच. पाठीवर तीन बहिणी."

"मग त्यांची आई इथे सासरी कशी बाळंत झाली? पहिलटकरीण ना ती? मला तर तुम्ही सातव्यातच उचलून आणलंत. सासूबाई राहू द्या म्हणाल्या, तर त्यांच्याशी केवढे भांडलात!"

व्हिक्टर हसला. मग हसायचा थांबला. हातातली टोपी त्याने डोक्यावर घातली, परत काढली. अकरा वर्षं तो ही खोली दाखवत होता आणि एवढी साधी गोष्ट त्याच्या डोक्यात कधी आली नव्हती.

संध्याकाळी तो समितीचे अध्यक्ष सुधाकरभाऊ राऊत यांच्याकडे गेला. सुधाकरभाऊंनी ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "अरे, आम्ही अकरा माणसं समितीत, एकाच्याही लक्षात आलं नाही?"

"अकराही पुरुष, भाऊ," व्हिक्टर म्हणाला.

"ते जाऊ दे. ग्रॅनाइट कोरून झालाय. आणि जन्म निर्मळचा, त्यांच्या आजोळचा निघाला तर उद्या ते निर्मळवाले म्हणतील, संग्रहालय आमच्याकडे द्या. पंप जाईल, मास्तर जातील. तू कुठे जाशील? गप्प बस तू."

व्हिक्टर गप्प बसला. पण दोनच दिवस. तिसऱ्या दिवशी एक तुकडी आली, त्याने टोपी काढली, आणि 'ह्याच खोलीत' म्हणायच्या आधीच ती परत घातली. पोरांना त्याने थेट विहिरीवर नेलं. इतकी वर्षं पोरं आपला शब्द खरा मानत आली, याची त्याला लाज वाटली. त्याने कुलूप लावलं आणि स्कूटर निर्मळच्या रस्त्याला घातली.

मास्तरांच्या आजोळच्या घरात आता मेरीमावशी राहायच्या. मास्तरांच्या मामेभावाची बायको, वय अठ्ठ्याऐंशी, ओसरीवर तगरीच्या कळ्या ओवत बसलेल्या.

"मास्तर कुठे जन्मले, मावशी?" व्हिक्टरने टेकता टेकताच विचारलं.

"हितंच की. त्या पडवीच्या खोलीत. माजी सासू रोज सांगायची. आता तितं फ्रीज हाय."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"कोनी इचारलं? तुमची मानसं आली, फोटो मागितला, चा पिली न गेली." मावशींनी गाठ मारून दोरा दातांनी तोडला. "न तुमी लोकांनी तेचं सगलं किती नीट ठेवलंय. मी म्हनलं, ऱ्हाऊ दे."

व्हिक्टरला आत बोलावून त्यांनी खोली दाखवली. खरंच फ्रीज होता. पण व्हिक्टरचे डोळे त्याच्या शेजारी अडकले. तिथे एक जुनं शिवणयंत्र होतं. ओतीव लोखंडाचे पाय, नक्षीदार जाळी, बाजूला मोठं चाक. आणि खाली, जिथे पाय ठेवायचा, तिथे फणसाची साधी फळी तारेने बांधलेली.

"ह्याचं पायडल कुठंय?" त्याचा आवाज चढला होता.

"तेनंच नेलं, युजीननं! मे महिन्याच्या सुट्टीला आला न काढून घेऊन गेला. आजीचं झबलं अर्धं शिवायचं ऱ्हायलं. झाडू घेऊन लागली होती तेच्या पाठी."

व्हिक्टर यंत्रापाशी उकिडवा बसला. संग्रहालयात काचेच्या पेटीत मास्तरांचा पहिला पंप होता, त्यांनी स्वतःच्या हाताने केलेला. बाकी सगळा ओबडधोबड, फक्त पायाखालच्या लोखंडी पट्टीला फुलांची जाळी. पंपाला फुलं कशाला, असं प्रत्येक तुकडीतलं एक तरी पोर विचारायचं. "मास्तरांना कलेची आवड होती," असं व्हिक्टर ठोकून द्यायचा. त्याने शिवणयंत्राच्या जाळीवरून बोट फिरवलं. तीच पाच पाकळ्यांची फुलं, तोच मधला वेल. फळीवर पाय ठेवून दाबलं, दांडा वर गेला, चाक फिरलं. जन्मभर पंप जोडलेल्या त्या पायाला आणखी काही पुरावा लागला नाही. त्याला इतका आनंद झाला की त्याने मावशींचे हातच धरले, आणि अर्धी माळ सुटली.

नऊ तारखेला मांडव भरला. भाषणं झाली, आणि खोली दाखवायला व्हिक्टर उभा राहिला. समोरून सुधाकरभाऊ डोळ्यांनी दटावत होते. व्हिक्टरने टोपी काढली.

"ह्या खोलीत मास्तर जन्मले नाहीत," तो म्हणाला. "अकरा वर्षं मी चुकीचं सांगत होतो. पाऊसही नव्हता, तो माझा. त्यांची आई पहिलटकरीण होती, ती माहेरी निर्मळला बाळंत झाली. सव्वा महिन्याने बाळाला घेऊन ती ह्या खोलीत आली. आणि पंप ज्या पायाने चालतो, तो पाय निर्मळचा आहे." मग त्याने शिवणयंत्राची सगळी गोष्ट सांगितली, झाडूसकट.

मग व्हिक्टरने 'हात लावू नये' ही पाटी उचलून खाली ठेवली, ओट्यावर आणून ठेवलेली काचेची पेटी उघडली आणि पहिल्या रांगेतल्या मेरीमावशींना हाताला धरून आणलं. नळी त्याने सकाळीच विहिरीत सोडून ठेवली होती. मावशींनी चप्पल काढून त्या फुलांवर पाय ठेवला आणि दाबायला लागल्या. घरघर झाली, खोकल्यासारखा आवाज झाला, आणि पाण्याचा फवारा थेट सुधाकरभाऊंच्या बुटांवर! पहिले हसले ते सुधाकरभाऊच. निर्मळच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. संग्रहालय मात्र कोणी मागितलं नाही. मावशींनी एवढंच मागितलं की तिथे मास्तरांच्या आईचाही फोटो लावा. तो दुसऱ्याच दिवशी लागला. ग्रॅनाइट निर्मळला गेला आणि तिथला फ्रीज स्वयंपाकघरात.

तीन आठवड्यांनी प्रीतलला मुलगी झाली. दवाखान्यातून बाळ घरी आलं तेव्हा सगळे नाव ठरवण्यात गुंतले होते आणि व्हिक्टर माजघरात लाल पेन्सिल घेऊन उभा होता. भिंतीवर त्याने बाळाच्या आईचं नाव लिहिलं, तारीख लिहिली, वेळ लिहिली, दवाखाना आणि खाटेचा नंबर लिहिला.

"पप्पा, रंग परवाच दिलाय!" प्रीतल ओरडली.

"असू दे," व्हिक्टर म्हणाला. "उद्या हिची समिती आली, तर निदान भिंतीला तरी विचारेल." आणि त्याने शेवटी लिहिलं: पाऊस नव्हता.