संत्र्याची सालं आणि कापूर

मंगळवारी सकाळी आई न्हाणीघरात पडली. तिची डावी बाजू गेली. त्यानंतर ती उठली नाही.

अकोल्याच्या दवाखान्यातून तिला घरी आणलं तेव्हा पुढच्या खोलीतली माझी पुस्तकांची कपाटं मागे सरकवून तिथं पलंग टाकला. पलंगावर रबरी चादर, खाली भांडं. मी शेलूबाजारला शाळेत शिकवते. शाळा सकाळची, म्हणून मी नसताना शेजारच्या काकू आईजवळ बसत. एकच्या सुमारास जीपमधून उतरून दार उघडलं की आधी वास यायचा. लघवीचा, मालिशच्या तेलाचा, ओल्या गादीचा. चादरी रोज धुतल्या, फरशी फिनाईलनं पुसली, तरी तो भिंतींना धरून राहिला.

आई पडायच्या आधी गल्लीतल्या चार-पाच बायका दुपारी आमच्याकडे वाती वळायला बसत. कापूस आमचा, बातम्या त्यांच्या. आई घरी आल्यावर त्या आठवडाभर आल्या, मग एकेक कमी झाली. आमच्या गावात आजाऱ्याच्या घरी कोणी नाकाला पदर लावत नाही. तो आजाऱ्याचा अपमान समजतात. वास आला तरी त्याबद्दल बोलत नाहीत. ज्यांना सहन होत नाही त्या येतच नाहीत, आणि भेटल्या की कामाचं कारण सांगतात. आईनं स्वतः हा रिवाज जन्मभर पाळला होता, त्यामुळे ती कोणाला नावं ठेवत नव्हती. एका दुपारी तिनं मला विचारलं, "बाई, घरात लय वास येऊन राह्यला काय?"

मी नाही म्हणाले.

"मंग काहून कोनी येत नाही?"

मी बाजारातून सुगंधी फवारा आणला. त्यानं तिला इतका ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. तेव्हा शाळेच्या ग्रंथालयातलं गृहशास्त्राचं एक जुनं पुस्तक मी घरी आणलं. त्यात घर सुगंधी ठेवण्यावर दीड पान होतं. संत्र्यांचे दिवस होते. शिक्षकांच्या खोलीत डब्यातली संत्री सोलली जात, ती सालं मी कागदात गुंडाळून आणायची. काही गच्चीवर वाळवायची, काही लवंग आणि दालचिनी घालून पातेल्यात मंद आचेवर उकळत ठेवायची. वाटीत खायचा सोडा, त्यात निलगिरीचे थेंब, वर सुईनं भोकं पाडलेला कागद, आणि ती वाटी पलंगाखाली. गवती चहाचं पाणी गाळून पडद्यांवर मारायचं. कापूर कुटून मलमलच्या पुरचुंडीत बांधायचा आणि ती पलंगाच्या दांडीला लावायची. पुस्तकातलं काम मला नेहमीच जमत आलं आहे. हेही जमलं.

काकूंनी ही बातमी गल्लीत पोचवली. बायका आल्या. त्यांच्यातली एक दारातच थांबून म्हणाली, "देवळात आल्यावानी वाटते. बायांनो, दक्षना काढा."

"दक्षना राहू दे," आई म्हणाली. "नारळ आन. चटनी करतो."

सगळ्या हसल्या. पडल्यापासून आईला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. उशांना टेकवून बसवलं तर ती उजव्या हातानं पाटावर वाती वळायची. वाकड्या व्हायच्या. बायका त्यावरून तिला चिडवायच्या आणि ती त्यांना त्यांच्या सुनांवरून. सकाळपासून ती घड्याळाकडे बघत असे, असं काकू सांगायच्या.

पुढे पडून राहून तिच्या माकडहाडापाशी जखम झाली. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी मला पट्टी करायला शिकवलं. जाताना त्या म्हणाल्या, वरून चांगली दिसली तरी भरवसा ठेवू नका, वास बदलला तर त्याच दिवशी कळवा. मी मान हलवली. काही दिवसांनी जखमेवर काळी, कोरडी खपली धरली. खपली धरली म्हणजे भरत आली, असं लहानपणापासून ऐकलेलं. मी आईला तसं सांगितलं, ती बरं म्हणाली.

त्याच दिवसांत पुरचुंडीतला कापूर मी वाढवत होते. दोन वड्यांच्या चार झाल्या, चारांच्या आठ. कापूर हवेत उडतो, म्हणून लागतो, असं मी स्वतःला समजावत होते.

मग ताप आला. डॉक्टर घरी आले. उंबऱ्यापाशी क्षणभर थांबले आणि म्हणाले, आधी हे सगळं बाहेर न्या. मी पातेलं, वाट्या, पुरचुंडी अंगणात नेऊन ठेवली. आत आले तेव्हा खोलीत एकच वास होता. तो कधीपासून येतो, असं त्यांनी विचारलं. त्यांनी खपलीची कड उचलली. खाली पोकळी होती.

पुन्हा अकोला. नवव्या दिवशी आई गेली.

तेरवी झाल्यावर काकू आमची परात परत द्यायला आल्या. परात ठेवून त्या तिथंच बसल्या. खाली बघत म्हणाल्या, "मले आला होता वास. लय आधी, कापराच्या खालून. पन बोललो असतो तं बाया उठून गेल्या असत्या. तुही माय हासून राह्यली होती."

मला त्यांचा राग यायला हवा होता. पण काकूंना नर्सबाईंनी काही सांगितलं नव्हतं. मला सांगितलं होतं. आणि वास मलाही आला होता. नाहीतर दोन वड्यांच्या आठ कशाला केल्या असत्या? आईजवळ माणसं टिकावीत एवढंच मला दिसत होतं, आणि ती टिकली. हे मी काकूंना सांगितलं नाही. चहा केला. त्यांनी तो घेतला आणि त्या गेल्या.

पलंग ज्यांच्याकडून आणला होता त्यांना परत दिला. दुपारी शाळेतून आल्यावर मी जेवते, वह्या तपासते. काकू अधूनमधून येतात. बाकीच्या बायका येत नाहीत.